कुंडी रिकामी नाही

धुमाळकाका माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते माझ्या बाल्कनीतून न पडलेल्या पाण्याबद्दल. वारज्यातल्या या सोसायटीत आम्ही राहायला येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. अर्धी खोकी उघडायची होती, गॅस लागायचा होता आणि मी चहासाठी बाहेर निघाले होते. दारात एक उंच, सडपातळ गृहस्थ उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, चेहऱ्यावर आपण काहीतरी लपवतोय असं आपल्यालाच वाटायला लावणारी नजर. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, माझं विचारलं नाही. म्हणाले, "आपण झाडं लावणार आहात का?"

मी म्हटलं, अजून काही ठरवलं नाही.

"ठरवा. ठरलं की मला कळवा. आपल्या बाल्कनीच्या बरोबर खाली माझ्या कुंड्या आहेत. दिवाळीनंतर त्यांच्यावर पाण्याचा थेंब पडलेला मला चालत नाही."

ते गेल्यावर मी कठड्यावरून वाकून पाहिलं. मागच्या भिंतीलगत चार मोठ्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या. चारींत नुसती माती. एक पान नाही, काडी नाही. हा माणूस एक तर वेडा असावा किंवा यानं मातीत काहीतरी पुरून ठेवलं असावं, असं माझं मत झालं. सोसायटीतल्या निम्म्या लोकांचंही हेच मत आहे हे पुढे कळलं.

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेलेला. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोकळ केलेलं वजन, तळाला मेणाचा थर दिलेलं तेलाचं माप, असलं सगळं त्यांनी इतकं पाहिलं होतं की सरळ काटा दिसला की त्यांना जास्तच शंका यायची. निवृत्तीनंतर खातं सुटलं, पण नजर सुटली नाही. वारज्याच्या मंडईत ते शिरले की भाजीवाल्या न सांगता काटा रिकामा करून दाखवायच्या. दूधवाला त्यांच्या दारात पिशवी ठेवून थांबायचा, कारण काका ती हातात तोलून मान हलवेपर्यंत जायची सोय नव्हती.

त्यांचा एक ठरलेला शब्द होता, "कशावरून?" आज फार उकडतंय म्हटलं की कशावरून. जोशांच्या मुलीचं लग्न ठरलं म्हटलं की कशावरून. एकदा मी नुसतं "काका, आज गुरुवार" म्हटलं, तर तेच. मी मोबाइल दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि परत देत म्हणाले, "हो, यात तरी गुरुवार दिसतोय." त्यांच्या बायकोला, विमलकाकूंना, मी एकदा विचारलं की तुम्ही या माणसाबरोबर इतकी वर्षं कशी काढलीत. काकू मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "माझ्यावर नाही गं घेत संशय. बाकी सगळ्या जगावर घेतात, त्यात माझा नंबर कधी लागलाच नाही." हे त्या हसत म्हणाल्या, पण मान वर केली नाही. ती का केली नाही हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

तर त्या कुंड्यांत ऑर्किड होती. ऑर्किड म्हणजे मला हॉलमधल्या लग्नाच्या स्टेजवर टोचलेली माहीत, नाहीतर आंब्याच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी. ही त्यातली नव्हेत. ही थंड डोंगरातली, जमिनीत वाढणारी. पावसाळ्यात त्यांना हळदीसारखी लांब, चुण्या पडलेली पानं यायची. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून वाळायची आणि मग वर काहीच उरायचं नाही. मातीखाली कांदे झोपलेले. त्या झोपेत त्यांना दोनच गोष्टी लागतात, थंडी आणि कोरडी माती. थंडी मिळाली तर होळीच्या सुमारास गुलाबी-जांभळी फुलं येतात. नाही मिळाली तर नुसती पानं. आणि पाणी मिळालं तर कांदा सडतो, संपलं.

पुण्यात थंडी पडते, पण ती मिळवावी लागते. काकांचा सगळा हिवाळा त्यातच जायचा. मागच्या भिंतीपलीकडे नाला आहे, तिथून गार हवा येऊन त्या कोपऱ्यात साचते हा शोध त्यांनी लावला होता आणि तो त्यांनी कोणाला सांगितला नव्हता, कारण सांगितलं तर लोक स्कूटर लावतील. पेपरातल्या तापमानावर त्यांचा विश्वास नव्हता. शिवाजीनगरला थंडी पडली याचा वारज्याला काय पुरावा, असं विचारायचे. म्हणून त्यांनी थर्मामीटर आणला. मग तो खोटं बोलत असेल म्हणून दुसरा. दोघांत एका अंशाचा फरक निघाला, तेव्हा निवाड्याला तिसरा. तिसऱ्यानं दोघांशीही असहमती दाखवली. काका त्या तिघांसमोर पहाटे कानटोपी घालून उभे असायचे आणि दूध आणायला निघालेल्या प्रत्येकाला वाटायचं, यांची नजर आपल्यावर आहे. तीही असायचीच म्हणा.

सोसायटीनं त्या कोपऱ्यात दिवा लावायचं ठरवलं तेव्हा, दिव्याच्या उबेनं थंडी पळेल म्हणून, काका वार्षिक सभेत उभे राहिले. म्हणाले, "अवश्य लावा. अंधारात चोरांची फार गैरसोय होते." दिवा लागला नाही.

एवढा जीव त्या झाडांवर का, हे काकूंनी मला सांगितलं. निवृत्तीनंतर दोघं एकदाच लांबच्या प्रवासाला गेली होती, कालिंपाँगच्या बाजूला. ज्या घरात उतरली होती, तिथल्या म्हातारीच्या अंगणात ही झाडं होती. पहाटे अंगणावर दहिवर गोठलेलं आणि त्याखाली हे कांदे निवांत. काका रोज जाऊन बघायचे. निघायच्या दिवशी म्हातारीनं मूठभर कांदे उकरून कागदात बांधून हातात ठेवले. काकांनी पाकीट काढलं, तशी ती हसायला लागली आणि पाकीट मागे ढकललं. नोकरीत काकांनी दिवाळीला मिठाईचा पुडासुद्धा घेतला नव्हता. दारात कोणी ठेवून गेलं तर काकू तो भर उन्हात दुकानात परत करून यायच्या. असा माणूस हातात फुकटची पुडी घेऊन टॅक्सीपाशी उभा. "ही का देतेय?" असं त्यांनी काकूंना स्टेशनपर्यंत विचारलं. तिला तुम्ही आवडलात म्हणून, असं काकूंनी सांगितलं, त्यावर अर्थातच कशावरून. पण ती पुडी पुण्यापर्यंत त्यांच्या मांडीवर होती. पुढे मला ते स्वतः एकदा म्हणाले, "जन्मात कोणाकडून काही घेतलं असेल तर एवढंच. ते माझ्या हातून मरता कामा नये."

काही वर्षांनी कांद्यांची दाटी झाली. एका रविवारी काका ते वेगळे करायला बसले. ओट्यावर पेपर पसरला, कांदे मांडले, स्वतःच्या तराजूत तोलले. तेवढ्यात समोरच्या विंगमधले वानखेडे आले. वानखेडे अमरावतीचे, खराडीला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. गडी मोकळ्या स्वभावाचा, पुण्यात नवा, त्यामुळे कोणाशी किती बोलावं याचा अंदाज नव्हता. म्हणाले, "काका, एखादा कांदा द्या ना मला. आमच्या अमरावतीला मस्त थंडी पडते." काका नाही म्हणाले. वानखेडे हसले. "मग चोरून न्यावा लागते. चोरलेलं झाड चांगलं लागते म्हणतात ना."

आपल्याकडे मनीप्लांट चोरून लावायची पद्धत आहे, सोसायटीत एकाही घरातला मनीप्लांट विकत आणलेला नाही. तेव्हा त्या बोलण्यात काही विशेष नव्हतं. पण काका हसले नाहीत. आणि संध्याकाळी कांदे पुन्हा तोलले तर कमी भरले.

पुढच्या सभेत काकांनी सर्वांसमोर वानखेड्यांचं नाव घेतलं. आरडाओरडा नाही, आवाज नेहमीचा. "श्री. वानखेडे यांनी पूर्वसूचना देऊन चोरी केली. प्रामाणिकपणाबद्दल त्यांचं अभिनंदन. मात्र यापुढे त्यांनी त्या कोपऱ्यात येऊ नये." वानखेड्यांचा चेहरा उतरला. बायको शेजारी बसलेली. ते काहीच बोलले नाहीत, आणि पुण्यात गप्प बसणं म्हणजे कबुली. त्या दिवसापासून लोक वानखेडे घरी आले की चपला मोजायचे, म्हणजे अगदी तसं नाही, पण जवळजवळ तसंच.

कांदे वानखेड्यांनी नेले नव्हते. ते काकूंनी नेले होते. काका फोन घ्यायला आत गेले, तेवढ्यात काकूंनी चार-पाच कांदे पदरात घातले आणि त्याच आठवड्यात आपल्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे पोचवले. अक्का खडकवासल्याच्या पलीकडे गावात राहते, तिथे थंडी चांगली पडते. सगळं एकाच ठिकाणी ठेवलं आणि काही झालं तर हा माणूस उभा राहायचा नाही, एवढाच त्यांचा विचार. विचारून घेतले असते तर मिळाले नसते. आठवड्यानं सांगू म्हणून त्या थांबल्या आणि मध्येच ती सभा झाली. मग तोंड उघडायचं धाडस झालं नाही. त्याऐवजी दर सणाला वानखेड्यांकडे झाकलेलं ताट जायला लागलं. पुरणपोळी, गुळाच्या पोळ्या, कोजागरीला दूध. काका म्हणायचे, "चोराला नैवेद्य चाललाय." वानखेडे पतिपत्नींना वाटायचं, काकू बिचाऱ्या नवऱ्याच्या वतीनं माफी मागतात.

मग एका डिसेंबरात काकांच्या छातीत दुखायला लागलं. बायपास सांगितली. मुलगी अर्चना खराडीहून गाडी घेऊन आली, खाली हॉर्न देत होती, आणि काका कोपऱ्यात पुठ्ठा बांधत होते. त्यावर मोठ्या अक्षरांत: कुंड्या रिकाम्या नाहीत. पाणी घालू नये. दया करू नये.

जाताना त्यांनी मला बोलावलं. त्यांना ऑपरेशनची भीती नव्हती. डॉक्टरवर संशय होता, पण तो सगळ्यांवरच असायचा. मला म्हणाले, "लक्ष ठेवा. काही करू नका. लोकांना काही न करणं जमत नाही."

त्यांचं खरं होतं. फडकेबाईंना वाटलं, माणूस तिकडे मरणाशी झुंजतोय आणि इकडे त्याच्या हातच्या कुंड्या तहानलेल्या, बरं दिसत नाही. वॉचमनला वाटलं, साहेबांनी रागात बोर्ड लावलाय. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज तुळशीचं उरलेलं पाणी ओतून काकांच्या नावानं हात जोडायच्या. माझ्या घरच्या गृहस्थांनीही एक तांब्या ओतला. त्यांचं म्हणणं, पुण्यात पाटीवर लिहिलेलं कोणी शब्दशः घेतं का, तो टोमणा असतो. प्रत्येकाला वाटत होतं की हे पुण्य आपण एकटेच करतोय, म्हणून प्रत्येकानं गुपचूप केलं. मी दिवसभर बँकेत कामावर. कुंडीजवळ फिरकले नाहीत ते फक्त वानखेडे, कारण त्यांना मनाईच होती.

काकू हॉस्पिटलमधून अंघोळीला घरी आल्या, तेव्हा सवयीनं त्यांनी कुंडीत बोट घातलं. बोट चिखलात गेलं. उकरून पाहिलं तर कांदे लोण्यासारखे झालेले, घाण वास मारत होते. चारी कुंड्यांची तीच गत. त्या तशाच मातीच्या हातांनी माझ्या दारात आल्या. रविवार होता म्हणून मी घरी होते. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "त्यांना नळ्या लावल्यात आणि विचारतात फक्त कुंड्यांचं. मी ठीक आहेत म्हणून सांगितलं. आता ते खरं करायला हवं. तू गाडी काढ."

पदरातल्या कांद्यांची गोष्ट मला त्यांनी त्या वाटेवर सांगितली. धरणाचं पाणी उजवीकडे चमकत होतं आणि त्या सरळ समोर बघून बोलत होत्या. आपल्यामुळे वानखेड्यांवर आळ आला, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला त्यांचा रागही आला आणि दयाही आली, आणि दोन्ही सांगायची ती वेळ नव्हती.

अक्का गोठ्यापाशी भेटली. आम्ही काय मागतोय हे तिला आधी कळेना. मग म्हणाली, "ती व्हय? ती हळदीच्या वाफ्यात हाय की. पानं हळदीसारखी, म्हनलं हळदीचाच कुनीतरी भाऊबंद आसंल."

काकूंनी घाबरून विचारलं की हळद काढून शिजवली तर नाही ना. शिजवली असती तर सगळंच संपलं होतं. अक्का म्हणाली, हळद काढायला अजून अवकाश आहे, पाला वाळायला लागला म्हणून वाफ्याचं पाणी तेवढं तोडलंय. फूल येतं का विचारलं, तर म्हणे, "येतंय की शिमग्याला. देवाला वाहते." कालिंपाँगच्या म्हातारीची ती फुलं इतकी वर्षं खडकवासल्याच्या देव्हाऱ्यात जात होती आणि मागच्या भिंतीशी तीन थर्मामीटर पहारा देत होते. अक्कानं कुदळीनं निम्मा वाफा उकरला. कांदे घट्ट, गुटगुटीत. काकू मला इतक्या मोकळेपणानं हसताना त्याच दिवशी दिसल्या. घरी येऊन आम्ही कुंड्या धुतल्या, नवी कोरडी माती भरली, कांदे काका लावायचे तसे लावले आणि पुठ्ठा परत होता तसा बांधला.

काका घरी आले ते जानेवारीत. हातात काठी, शर्ट अंगावर लोंबणारा. अर्चना घरात चला म्हणत होती, ते सरळ कोपऱ्याकडे निघाले. खिडक्याखिडक्यांत माणसं. प्रत्येकाला आपापला तांब्या आठवत असणार. काकांनी बोट घातलं. माती कोरडी होती. थोडी बाजूला सारून कांदा पाहिला. मग बोट नाकाशी नेलं आणि तसेच उभे राहिले.

मी त्यांच्या घरी मऊ भात घेऊन गेले होते, म्हणून पुढचं ऐकलं. काका खुर्चीत बसले आणि म्हणाले, "विमल, कांद्याला हळदीचा वास येतोय."

काकू ओट्याशी होत्या. त्यांनी गॅस बंद केला. "अक्काच्या वाफ्यातले आहेत. आपले गेले. लोकांनी पाणी घातलं."

"अक्काकडे कुठून आले?"

"मी दिले होते. तुम्ही वाटणी करत होतात तेव्हा. पदरातून नेले."

 काकांचा हात छातीवरच्या टाक्यांवर गेला. म्हणाले, "म्हणजे वानखेडे..."

"त्यांचा काही संबंध नाही. मी तेव्हा बोलायला हवं होतं. भ्याले."

"सगळ्या जगावर संशय घेतला," काका म्हणाले, "आणि तुझ्यावर घ्यायचा राहिला." त्यात राग होता की काय होतं मला कळलं नाही. काकूंना कळलं असावं. त्या येऊन त्यांच्या खुर्चीशी खाली बसल्या आणि रडल्या, आणि काकांनी काठी दुसऱ्या हातात घेऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी भात तिथेच ठेवून निघाले.

होळीला फुलं आली. पण डॉक्टरांनी एकटं राहू नका सांगितलं आणि अर्चनानं दोघांना खराडीला न्यायचं ठरवलं. तिचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर, दिवसभर ऊन, भिंती रात्रीही कोमट. तिथे ही झाडं जगणार नाहीत हे काकांना माहीत होतं. कुंड्या कोणाकडे, याची सोसायटीत चर्चा सुरू झाली. माझं नाव पुढे होतं. मला त्यांनी फक्त एक कुंडी उचलून मागोमाग यायला सांगितलं, आणि काठी टेकत समोरच्या विंगमध्ये गेले.

वानखेड्यांनी दार उघडलं आणि गोंधळले. काका म्हणाले, "कांदे माझ्या बायकोनं नेले होते. मी चारचौघांत तुमचं नाव घेतलं. चूक माझी. पुढच्या सभेत तेही चारचौघांत सांगेन. आता ही झाडं तुम्ही सांभाळा."

वानखेडे कुंडीकडे बघत राहिले. त्यांच्या बायकोनं आतून येऊन पदर तोंडाला लावला. वानखेडे म्हणाले, "काका, मी त्या बाजूला चार वर्षांत पाय नाही ठेवला. पोराचा बॉल गेला तरी नाही."

"म्हणूनच," काका म्हणाले, आणि खाली बघून पुन्हा म्हणाले, "म्हणूनच म्हणतोय." सभेत त्यांनी खरंच सांगितलं. एका वाक्यात, टोमणा न मारता. ते ऐकताना वानखेडे रडले, आणि बाकीचे आम्ही कुठे बघावं ते न कळून पंख्याकडे बघत बसलो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काकांना मी शेवटचं पाहिलं. कुठल्याशा सहीसाठी अर्चना त्यांना घेऊन आली होती. वानखेडे कामावर होते. ती सोसायटीच्या ऑफिसात गेली आणि काका एकटे हळूहळू मागच्या कोपऱ्यात आले. मी बाल्कनीत होते, हाक मारणार होते, पण थांबले. कुंड्या वानखेड्यांनी तिथेच ठेवल्या होत्या, त्यांत नुसती माती होती. थर्मामीटर नव्हते, पुठ्ठा नव्हता. काका खूप वाकले होते. त्यांनी कुंडीवर हात नेला, बोट पुढे केलं, आणि मातीला लागण्याआधी हात मागे घेतला. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून ते नुसते उभे राहिले. अर्चनानं हाक मारली तशी वळले आणि गाडीत जाऊन बसले.

त्यांची गाडी गेली आणि मी जिना उतरून खाली आले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मातीत बोट घातलं. कोरडी होती.